डावीकडच्या सीटचा पट्टा

ममता,

मी मळ्यात जातो. केळीला पाणी सोडायचंय, म्हणून निघताना भेट होणार नाही. काल "ऑर्डर नाकार" म्हणालो, ते मनात ठेवू नको. नोकरी तुझी आहे. धडगाव तर धडगाव. शेअर जीपला लटकत जाण्यापेक्षा आपली म्हातारी गाडी ने.

चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटलेलाच राहतो, तिकडे बघू नको. डिझेलचा काटा खोटारडा आहे. टाकी मी भरून ठेवलीय. घाटात एकदम पिकअप गेला तर ते सेन्सरचं सोंग समज. गाडी बाजूला घे, बंद कर, जरा थांबून परत चालू कर. टेम्परेचरचा काटा मात्र खोटं बोलत नाही. तो चढला की लगेच थांबायचं.

तुझी आई म्हणते, "एवढा जीव तुटस तर सोडाले जा ना!" तुला तिथे उतरवून परत फिरणं मला जमायचं नाही.

डावी सीट रिकामी असली तरी पट्ट्यासाठी बोंबलत राहते, म्हणून तिचा पट्टा मीच लावून ठेवलाय. तो काढू नको. गाडीला वाटतं, तिथे कुणीतरी बसलंय. घाट संपेपर्यंत वाटू दे.

अप्पा