वाऱ्याला पाठ देण्याची गोष्ट

महाड, रविवार

तीर्थरूप मंजुळाआत्यास,

श्रुतिकाचा साष्टांग नमस्कार. (हल्ली तोच मी सायकलवरही घालते, सविस्तर खाली येतंच.) तुझी तब्येत कशी आहे? शेळ्या बऱ्या ना? तुमच्या वाडीवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून हे पत्र पोलादपूरच्या गाडीने धाडते आहे. इकडे दीपक आणि सासूबाई खुशाल. मी मान सोडून खुशाल.

तर आत्या, मी ट्रायथलॉनची सायकल घेतली. (जुनीच, दीपकच्या पुण्याच्या मित्राची.) आमच्या कॉलेजात शिकणाऱ्या अंकिताला शर्यतीत उतरायचं होतं, आणि तिचे वडील म्हणाले, बाई स्वतः उतरणार असतील तर पोरगी पाठवतो. ते ऐकून अख्खी स्टाफरूम माझ्याकडे बघून हसली. मी चिडून एकाऐवजी दोन अर्ज भरले. या सायकलला हँडलच्या पुढे दोन शिंगं असतात. कोपरं टेकवून ती शिंगं धरायची, पाठ आडवी करायची, डोकं खांद्यांत घालायचं, म्हणजे वारा आपल्याला फार न अडवता वरून निघून जातो. मी पदार्थविज्ञान शिकवते, तेव्हा मला ते लगेच पटलं. माझ्या पाठीला पटेना. सीट वर घेतली तर पाय पेडलला पोचेनात, खाली घेतली तर गुडघे छातीवर. दीपकने बाजूने फोटो काढला, त्यात मी अंगणात पडलेली कानातली कुडी शोधणारी बाई दिसत होते.

शेजारी न्हाणीघर बांधणारा पांडू गवंडी हे चार दिवस बघत होता. शेवटी न राहवून तो कुंपण ओलांडून आला. दीपकने सायकल धरली, मी वर वाकले. पांडूने माझ्या गुडघ्यापासून ओळंबा सोडला, मग लेव्हलची पट्टी सरळ माझ्या पाठीवर ठेवली, एक डोळा मिटून बुडबुडा पाहिला आणि म्हणाला, "बाय, मानंकडं ढाळ नाय. पानी कमरंत साचंल." मला स्लॅब नको आहे, असं मी वाकल्या वाकल्याच सांगितलं. (सासूबाई दारातून बघत होत्या, त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.) पण त्याने हँडल दोन बोटं खाली घेतलं, सीट बोटभर पुढे सरकवली, आणि खरंच सांगते, श्वास मोकळा झाला, पाय आपोआप फिरायला लागले.

आज सकाळी नाते गावाला जाऊन यायचं म्हणून निघाले. गावाबाहेर डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या एका म्हातारीने मला हात करून थांबवलं. बयाबाई नाव. "पोटात दुखतंय काय गो?" मी म्हटलं, नाही, वाऱ्यामुळे असं बसावं लागतं. "मंग मी तेच म्हनतंय," असं म्हणून तिने कनवटीचा ओवा काढून मला खायला लावला आणि चावेपर्यंत समोर उभी राहिली.

पुढे मात्र मी अशी सुटले! डोकं खाली, नजर रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर. नाते गावाचं वळण नातेखिंडीत कधी मागे पडलं, कळलंच नाही. मान वर केली तर समोर वीर स्टेशनच्या रिक्षा. एक रिक्षावाला हळहळून म्हणाला, "मॅडम, एवढ्या जोरात आलात, पन गाडी गेली वो." मी घड्याळ पाहिलं. एवढं अंतर, आणि अर्धा तासही झाला नव्हता. आत्या, मी तिथे रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. हसणारी स्टाफरूम तेव्हा माझ्या मनातही नव्हती. शर्यतीच्या दिवशी अंकिताच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटणार नाही, एवढंच आलं मनात. (मला गाडी चुकल्याचं दुःख झालं असं समजून रिक्षावाल्यांनी चहा पाजला.) परतताना मान वर होईना, म्हणून सायकलसकट रिक्षाने आले.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझी,
श्रुतिका

ता.क. सासूबाईंनी तुझ्यासाठी कोकमं दिली आहेत, सोबत धाडते.

ता.क. दुसरा. शर्यतीत सायकल दुसऱ्या नंबरला असते. आधी पोहणं, साडेसातशे मीटर, तेही धरणाच्या पाण्यात. मला पोहता येत नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. दीपकलाही नाही. बाबा सांगायचे, लग्नाआधी तू भरलेली सावित्री नदी एका दमात पार करायचीस. सात आठवडे उरलेत. शनिवारी पहिल्या गाडीने येते. तुमच्या डोहावर आपण दोघीच असू दे, आणि मी बुडायला लागले तर आधी केसांना धर, मग रागव.