नायट्याचा काटा

आबा, आज दवाखान्यातून घरी आलो आणि पहिली आठवण तुमची झाली. महाराजांच्या पागेत तुम्ही मोतद्दार होतात. सकाळी खरारा करताना तुमचा हात घोड्याच्या अंगावरून फिरायचा, मानेपासून थेट शेपटीखालपर्यंत. पांढऱ्या घोडीच्या शेपटीखाली काळी गाठ लागली की तुम्ही तिथंच थांबायचात आणि घोड्यांच्या वैद्याला हाक मारायचात. पण स्वतःच्या तळपायावरचा तीळ वाढत गेला, त्याची कड वेडीवाकडी झाली, त्यातून रक्त यायला लागलं, तरी तो कोणाला दाखवला नाहीत. आई मागं लागली तेव्हा चुलीपुढं जेवता जेवता म्हणालात, "तळपायाला तीळ म्हंजे मुलूख फिरायचा योग हाय की. त्येला काय औशिद करतीस?" पन्हाळ्यापलीकडे कधी न गेलेला माणूस! जांघेत गाठी आल्या तेव्हा फार उशीर झाला होता; तुम्ही गेलात. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मला तुमचा राग आला, आणि तो बरीच वर्षं टिकला.

तेव्हापासून मी दर शनिवारी आंघोळीआधी उजेडात बसून अंग तपासतो. जुना तीळ वाढला का, रंग बदलला का, नवा डाग आला का. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, टाचेला. पाठ तुमची सून बघते. "घोडं इकायला काढलंय जणू," म्हणून हसते. या शनिवारी मात्र ती हसली नाही. टाचेवर काळा ठिपका होता, मागच्या खेपेला नव्हता. चप्पल घालून उठू लागलो, तर ती आडवी आली. "मामंजींनी बी असंच झाकलं व्हतं न्हवं? डाक्टरला पाय दावायचा, बास."

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं, सुई घातली आणि बाभळीच्या काट्याचं टोक माझ्या तळहातावर ठेवलं. "तीळ नाही, काटा आहे. पण दाखवलात ते बरं केलंत." आबा, जीव भांड्यात पडला. काट्याचा नायटा होतो म्हणतात, माझ्या नायट्याचा काटा झाला.

हे पत्र कुठं टाकणार? शेजाऱ्यांना मी सांगितलं, मला आधीपासून ठाऊकच होतं काटा म्हणून. तुम्हाला खरं सांगतो. दवाखान्याच्या पायरीवरून मी माघारी वळलो होतो, आणि तोंडातून निघालं, "मुलूख फिरायचा योग असंल." तुमच्या सुनेनं दंड धरून मला पुन्हा आत वळवलं. तेव्हा कळलं, तुम्ही त्या दिवशी चुलीपुढं भ्याला होतात. राग तिथंच, त्या पायरीवर उतरला.