खिंडीतला फोन

करंजखोंड आरोग्य उपकेंद्र, ता. पेठ
१२ मे २००६

ती. झुंबरदादास,
मीनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चांगुणावहिनींच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, गुलाबाच्या ओळीत आता सृष्टीला वाकू दे. बारावी झाली म्हणून पोरीच्या कमरेला विश्रांती लागत नाही.

आज एका कामासाठी लिहिते आहे. मला मोबाइल घ्यायचाय. तू हसशील. दोन वर्षांपूर्वी मीच म्हणाले होते की त्या डबीत माझा जीव गुदमरेल. पण गेल्या महिन्यात एका बाईचं बाळंतपण अडलं आणि जीप बोलवायला माणूस पळत डांबरी रस्त्यापर्यंत गेला. नशिबाने दोघं वाचली. नर्सबाई म्हणून सरकारने मला इथं बसवलंय, पण पाच पाड्यांच्या बायका आणि सुईणी माझ्या भरवशावर असताना माझ्याकडे हाक मारायला साधन नाही.

पाड्यात रेंज अजिबात नाही. वरच्या खिंडीत येते, तीसुद्धा सगळ्या फोनना नाही. ग्रामसेवकांचा जाडजूड जुना फोन तिथं दोन काड्या दाखवतो, गुरुजींचा नवा एकही दाखवत नाही. वीज तर तुला ठाऊकच आहे. आली तर पाच-सहा तास आणि वारा सुटला की तीन तीन दिवस पत्ताच नसतो. म्हणून मला दोनच गोष्टी हव्यात, चार दिवस टिकेल अशी बॅटरी आणि रेंज ओढणारा फोन. बाकी दिसायला कसाही असो. तू बैल निवडताना जसा तास तास लावतोस तसा लाव. माझा तुझ्या नजरेवर भरवसा आहे.

सर्वांना नमस्कार. माझी आठवण येऊ द्या, नाही आली तर मी पत्र लिहून ती करून देईन.

तुझी,
मीना

---

मखमलाबाद, नाशिक
२८ मे २००६

चि. मीनास,
झुंबरदादाचे अनेक आशीर्वाद.

फोन घेतला. पेठला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ, आपल्या खंडेरावजवळ, डबा दिलाय. सिमकार्ड घालूनच पाठवतोय. नीट उघड.

सकाळी सराफ बाजारातल्या फुलबाजारात फुलं उतरवली आणि तसाच सृष्टीला घेऊन महात्मा गांधी रोडला गेलो. तिथं मोबाइलच्या दुकानांची रांगच आहे. दुकानदाराने आधी एक काळा, जाडसर फोन पुढे केला. पडला तरी फुटत नाही, बॅटरी पाच-सहा दिवस जाते, खेड्यात हाच चालतो, असं म्हणाला. मी हातात घेऊन बघितला. खरं सांगू का मीना, मला तो साबणाच्या वडीसारखा वाटला. एवढी वर्षं तू त्या डोंगरात एकटी काढलीस, कधी काही मागितलं नाहीस, आणि पहिल्यांदा मागितलंस तर मी तुला हे द्यायचं? मग सृष्टीने दुसरा दाखवायला लावला. रंगीत पडदा, गाणी, आणि ब्ल्यूटूथ म्हणून काहीतरी आहे, वायर न लावता या फोनमधलं त्या फोनमध्ये जातं. रेंजही चांगली ओढतो म्हणे. बॅटरीचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, वापरावर आहे. तोच घेतला.

तुझी वहिनी म्हणते, नणंदबाई आता मॅडम दिसतील. मागे सृष्टीने लिहिलंय. तब्येतीला जप. आमचा जीव तुझ्यात अडकलेला असतो, हे विसरू नकोस.

तुझा,
दादा

आत्या, सा. न.! ब्ल्यूटूथ कसं चालू करायचं त्याचा कागद डब्यात आहे. मी मैत्रिणीच्या फोनवरून तुझ्यासाठी बावीस गाणी टाकलीत. दुकानदारकाका म्हणत होते की रंगीत पडद्याला बॅटरी जास्त लागते. पण मी बाबांना म्हटलं, आत्या रोज चार्ज करेल, त्यात काय! आवडला ना? लगेच कळव. — सृष्टी

---

करंजखोंड
२ जुलै २००६

ती. दादास,
मीनाचा शि. सा. न. वि. वि.

फोन सुखरूप मिळाला. फार सुंदर आहे. पाड्यातल्या बायका तो बघायला दवाखान्यात येतात आणि आल्यासारख्या लोहाच्या गोळ्याही घेऊन जातात, म्हणजे एक काम तरी त्याने केलंच. सृष्टीची गाणी ऐकली. इथल्या पावसात घर अंधारून येतं तेव्हा बरं वाटतं.

रेंज खिंडीत धरतो. पण दादा, बॅटरी दीड दिवसाच्या वर जात नाही. ब्ल्यूटूथ बंद ठेवलं, पडदा मंद केला, तरी तेच. मी आता तो बंदच करून ठेवते आणि खिंडीत जाऊन लावते. गेल्या आठवड्यात वीज दोन दिवस नव्हती, तेव्हा सुरू करायला गेले तर नुसता सूर वाजवून विझला. रागावू नकोस, पण तो काळा फोन अजून मिळेल का? हा सृष्टीला राहू दे. कॉलेजात तिला शोभेल.

वहिनींना नमस्कार, सृष्टीला गोड पापा. माझ्यावर रुसू नका एवढंच मागणं.

तुझी,
मीना

---

मखमलाबाद
२३ जुलै २००६

चि. मीनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दुकानदार परत घेत नाही. वापरलेला फोन आहे, म्हणाला. दुसरा घ्यायचा तर घेऊ, पण श्रावण लागतोय, फुलांना उसंत नाही, पहाटेपासून तोड चालू असते. पोळा झाला की मी स्वतः येतो आणि घेऊन येतो. तोवर जपून वापर.

खरं तर थोडं वाईट वाटलं. एवढ्या हौसेने घेतला आणि तुला तो साबणाच्या वडीसारखाच हवा होता. असो. तू लहानपणीही नव्या परकराऐवजी थोरल्या ताईचा जुनाच मागायचीस.

महिन्याभराचा तर प्रश्न आहे. काळजी घे आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

---

मखमलाबाद
२० ऑगस्ट २००६

चि. मीनास,
आशीर्वाद.

खंडेरावने काल फोनचा डबा परत आणून दिला. आत चिठ्ठी नाही. तो सांगत होता, करंजखोंडला एक बाई बाळंतपणात गेली, आणि तेव्हापासून सिस्टरबाई कुणाशी बोलत नाहीत. एवढंच त्याला ठाऊक होतं.

मीना, काय झालं? डबा हातात घेतल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. जे असेल ते लिही. मोठा भाऊ म्हणून काही लपवू नकोस.

वाट बघतो.
तुझा,
दादा

---

करंजखोंड
२६ ऑगस्ट २००६

ती. दादास,
मीनाचा नमस्कार.

लिहायचं नव्हतं. तू विचारलंस म्हणून लिहिते.

अकरा तारखेला, शुक्रवारी, दुपारी एकच्या सुमाराला मंगळू पळत आला. भात लावतो, दिवाळीनंतर बायकोला घेऊन दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातो, असा साधा गडी आहे. बायको भागुबाई. तिसरं बाळंतपण, घरीच सुईणीने केलेलं. मुलगी झाली होती, ठणठणीत. पण रक्त थांबत नव्हतं. मी गेले तेव्हा गोधडी भिजून गेली होती. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, माझ्या हातात होतं ते सगळं केलं. तिला आरोग्य केंद्रात न्यायलाच हवं होतं. केंद्रात जीप उभी होती, हे मला सकाळीच कळलं होतं.

खांब पडल्यामुळे वीज तीन दिवस नव्हती. मी फोन बंद करून जपला होता. खिंडीत चढले, चालू केला. रेंजच्या दोन काड्या होत्या, बॅटरीची एकच. नंबर लागला. पलीकडून कोण, कुठून, असं विचारलं. मी करंजखोंडमधलं करंज म्हणाले आणि पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला. सूर वाजला, विझला. सात-आठ वेळा केलं असेल. शेवटी शेवटी सूरही वाजेना.

मग चिठ्ठी लिहून मंगळूच्या भावाला रस्त्याकडे पळवलं आणि आम्ही भागुबाईला झोळीत घातलं. पाऊस होता, ओढा फुगलेला. सारा वेळ ती शुद्धीवर होती. बाळाला पाजलं का, असं दोनदा विचारलं. ओढ्याच्या अलीकडे साडेचारला ती गेली. समोरून जीप आली तेव्हा पाच वाजून गेले होते.

आणि हेही तुला कळलं पाहिजे. नऊ तारखेला संध्याकाळी मी अर्धा तास गाणी ऐकली होती. वीज सकाळीच गेली होती, ती येईलच असं वाटलं. फार उदास वाटत होतं, म्हणून ऐकली. त्यामुळे सगळा दोष स्वतःकडे ओढून घेऊ नकोस, आणि सृष्टीला तर यातलं काही सांगूच नकोस.

बाळ मंगळूची आई सांभाळते. मी रोज जाते.

मीना

---

मखमलाबाद
२ सप्टेंबर २००६

चि. मीना,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझं पत्र सृष्टीनेच आधी फोडलं. दोन दिवस ती जेवली नाही. मला म्हणाली, बाबा, मीच म्हटलं होतं, त्यात काय. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की निवडणारा मी होतो. तू पत्रात चार दिवसांची बॅटरी असं स्पष्ट लिहिलं होतंस. मी वाचलं होतं. कळलंही होतं. तरी दुकानात उभा राहिलो तेव्हा मला तुझी गरज दिसली नाही, माझी हौस दिसली. आणि तू दुसरा मागितलास तेव्हा मी रुसलो. महिन्याभराचा तर प्रश्न आहे, असं लिहिलं. ते वाक्य आता डोक्यातून जात नाही.

काळा फोन त्याच दिवशी आणला. दुकानात तो समोरच ठेवलेला होता. मी आणि सृष्टी मंगळवारी घेऊन येतो. मंगळूला भेटायचंय. काय बोलणार ते माहीत नाही. तो मला दारात उभं करेल का, हेही माहीत नाही.

दादा

---

करंजखोंड
१४ डिसेंबर २००६

ती. झुंबरदादास,
मीनाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही येऊन गेल्याला तीन महिने झाले. त्या दिवशी मंगळू तुझ्यापुढे गूळ-पाणी ठेवून नुसता बसून राहिला. तू परत जाताना विचारलंस, तो मनात काय धरून आहे. मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

फोन चांगला चालतो. पाच दिवस जातो. आतापर्यंत तीन वेळा जीप आली आणि तिन्ही बायका घरी परतल्या. सृष्टीला हे आवर्जून सांग.

दिवाळीनंतर मंगळू एकटाच दिंडोरीला गेला. जाण्याआधी दवाखान्यात आला आणि माझा नंबर मागितला. कागदावर लिहून दिला. दर बुधवारी चारला तिथल्या बूथवरून फोन करीन, बाळाला घेऊन खिंडीत या, असं म्हणाला. चार बुधवार मी गेले. मी फोन बाळाच्या तोंडाशी धरते. ती हुंकार देते किंवा रडते, आणि तो ऐकत राहतो. मग बरं म्हणतो आणि ठेवतो.

चौथ्या बुधवारी, सहा तारखेला, बाळ झोपलेलं होतं. मी तसं सांगितलं. तो ठेवील असं वाटलं, पण त्याने ठेवला नाही. म्हणाला, ताई, एक विचारू? त्या दिशी फोन लागता, तर ती जगती का?

दादा, खोटं बोलणं सोपं होतं. काही सांगता येत नाही, देवाची इच्छा, असं आम्ही रोज कुणाला ना कुणाला सांगतो. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण त्याची पोर माझ्या खांद्यावर होती. मी म्हणाले, हो. जगली असती.

मला त्याचा श्वास ऐकू येत होता आणि मागे कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं. मी म्हणाले, मंगळू, शिव्या दे, पण बोल. तो म्हणाला, वर वारा असंल, पोरीचं कान झाका. आणि फोन ठेवला.

हे तुला कळवावं की नाही याचा आठ दिवस विचार केला. त्याला खरं सांगितलं आणि तुझ्यापासून झाकलं, असं मला करवेना. आपण दोघांनी हे वाटून घ्यायचं आहे, एकट्याने कुणालाच पेलणार नाही.

काल बुधवार होता. चारच्या आधीच जाऊन बसले. साडेपाचपर्यंत थांबले. फोन आला नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा जाईन.

वहिनींना नमस्कार, सृष्टीला आशीर्वाद. दादा, पत्र टाकत राहा. काही लिहायला सुचलं नाही तर नुसतं नाव लिहून टाक.

तुझी,
मीना