पेटीवरचं नाव

अकोला
ता. १० नोव्हेंबर २०२४

चि. धम्मदीप यास,
दीक्षाताईचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे मी, तुझे भाऊजी आणि पायल ठीक आहोत. तूही ठीक आहेस असं धरून चालते, कारण फोनवर त्यापलीकडे तू काही सांगत नाहीस.

हातात मोबाईल असताना ताईला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. मागच्या रविवारी आपण बोललो. बोललो म्हणजे तू 'हं' म्हणालास, मी 'हं' म्हणाले, मग मी आमच्या फ्रीजचा आवाज ऐकत बसले. तू काय ऐकत होतास, तुलाच ठाऊक. आई होती तेव्हा ती मधे बोलायची आणि आपल्याला वाटायचं, आपणच बोलतो आहोत. ती गेल्यापासून खरं काय ते कळलं. पत्राचं बरं असतं, निदान कागद भरेपर्यंत काहीतरी लिहावंच लागतं.

बाबा वलगावलाच आहेत. अकोल्याला चला म्हटलं तर ऐकत नाहीत. सकाळी उठून स्वतःच बेसनाचं चून आणि भाकर करतात, जेवतात आणि अमरावतीला एसटीच्या डेपोत जुन्या मंडळींत जाऊन बसतात. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी कोणत्या गाडीचा गिअर अडकतो ते विचारायला लोक त्यांच्याकडेच येतात म्हणे. आईचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही.

माझंही विशेष काही नाही. आईचं पुण्यानुमोदन झालं आणि मी लगेच शाळेत रुजू झाले. बरोबरच्या बाया म्हणाल्या, धीराची आहेस. धीर कसला रे, काही वाटतच नव्हतं. मुलांचे पाढे घेतले, हजेरी मांडली, घरी येऊन कणीक मळली. अजूनही तसंच चालू आहे.

आता कामाचं. तुझ्या बँकेचं पाकीट पुन्हा परत गेलं, एवढं मात्र म्हणालास. पत्ता बरोबर, घर तेच, मग परत कसं जातं? जर्मनीसारख्या परक्या देशात खातं उघडणं म्हणजे तिथं पाय टेकवणं, असं तूच जाताना ऐटीत सांगत होतास. काय घोळ आहे तो नीट लिही. घरच्या पत्त्यावर भरवसा नाही म्हणून हे पत्र तू नोकरी करतोस त्या वृद्धाश्रमाच्या पत्त्यावर टाकते आहे.

जेवत जा. आमची माया पोस्टाच्या तिकिटावर अवलंबून नाही, पण उत्तर मात्र पाठव.

तुझी,
दीक्षाताई


ब्रेमेन
ता. २७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम. तुझं पत्र मिळालं. कामाच्या पत्त्यावर पाठवलंस म्हणून मिळालं. घरी पाठवलं असतंस तर फिरून अकोल्याला आलं असतं.

तू विचारलंस म्हणून सांगतो. इथल्या इमारतीत घरांना नंबर नाहीत. खाली जिन्यापाशी पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीवर आडनाव. पोस्टमन पाकिटावरचं आडनाव वाचतो, पेटीवरचं वाचतो आणि जुळलं तर टाकतो. नाही जुळलं तर कोणाला विचारत नाही, परत नेतो. वलगावसारखं 'डोमाजी मेकॅनिकचा पोरगा' म्हणून कोणी हाक मारत नाही.

परदेशी माणसाला खातं उघडायला पासपोर्ट लागतो, कामाचा परवाना लागतो आणि नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याचा दाखला लागतो. ते सगळं मी दिलं आणि बँकेनं घेतलं. पण कार्ड एका पाकिटात आणि त्याचा गुप्त आकडा दुसऱ्या पाकिटात, असं दोन्ही घरच्या पेटीतच येतं. काउंटरवर हातात देत नाहीत. ती पाकिटं दोनदा परत गेली. आता एकदाच आणखी पाठवतील. तीही परत आली तर अर्ज रद्द, मग नवीन तारीख, आणि ती केव्हा मिळेल त्याचा नेम नाही. वृद्धाश्रम पगार फक्त इथल्या खात्यातच जमा करतो. आतापर्यंत त्यांनी सांभाळून घेतलं, पण जानेवारी संपेपर्यंत खातं दिलं नाही तर करार पुढे चालवता येणार नाही, असं व्यवस्थापक म्हणाले. करार नाही तर परवाना नाही. एकाला एक लागून सगळं आहे.

माझ्या पेटीवर लिहिलं आहे, 'धम्मदीप डी.' घरमालकीणबाईला आणि शेजाऱ्यांना वाटतं, माझं आडनाव डी आहे.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला अकोल्यात खोली शोधत होतो ते तुला आठवत असेल. आई बरोबर होती. रिक्षात वळकटी होती, चावीही हातात आली होती. पावतीसाठी मालकानं पूर्ण नाव विचारलं. मी खोब्रागडे म्हणालो आणि त्याला आठवलं की त्याचा भाचा राहायला येणार आहे. परत जाताना आई रिक्षात म्हणाली की पुढच्या खोलीवर निस्तं नाव सांगजो, कोनी लईच इचारलं तं बापाच्या नावाचा डी सांगजो, खोटं थोडीच आहे ते. पुढची खोली मिळाली. तेव्हापासून कुठल्याही दारावर मी आडनाव लावलेलं नाही. इथं मालकीणबाईनं पेटीवर काय लिहू म्हणून विचारलं तेव्हा विचार न करता तेच तोंडातून निघालं.

आता घोळ कळला आहे. बाई म्हणाल्या, सांग, लगेच पट्टी छापून देते. मी अजून सांगितलं नाही. रोज पेटीजवळून येतो-जातो. आईनं सांगितलेलं एवढं एकच माझ्याकडे उरलं आहे आणि ते मी पाळतो आहे. मूर्खपणा आहे हे मला कळतं.

इथं मी रोज सकाळी आजीबाईंना आंघोळ घालतो. पाणी कोमट आहे ना बघतो, पाठ पुसतो, केस विंचरतो. आईची शेवटची आंघोळ शेजारच्या पिंटूनं धरलेल्या मोबाईलवर पाहिली. त्रिसरण सुरू झालं आणि नेटवर्क गेलं. मी कपडे बदलून ड्यूटीवर गेलो. इथं कोणाला सांगितलं नाही. तेव्हा काही वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही.

बहुतेक मी परत येईन. त्याचं वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. बाबांना एवढ्यात सांगू नकोस. सर्वांस यथायोग्य. माझ्यावर रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझा,
धम्मदीप


वलगाव
ता. १५ डिसेंबर २०२४

चि. धम्मदीप यास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि राग आला. बरं वाटलं. किती दिवसांनी मला काहीतरी वाटलं.

बाबांना सांगू नकोस म्हणालास, म्हणून पहिल्या सुट्टीला पत्र घेऊन वलगावला आले आणि त्यांना ते पूर्ण वाचून दाखवलं. ताईला गुपित सांगायचं नसतं हे तुला लहानपणापासून माहीत आहे. बाबांनी ऐकून घेतलं, उठून बाहेर गेले, हातपाय धुऊन आले आणि म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग कागद मागितला. त्यांचं खाली जोडते आहे.

माझं म्हणणं एवढंच. परत यायचं तर ये. कोणी तुला दारात अडवणार नाही, कोणी 'गेला तसा आला' म्हणालं तर त्याचं तोंड मी बघून घेईन. नांदगाव पेठेपासून नागपूरपर्यंत दवाखाने काय कमी आहेत? पण यायचं म्हणून ये. पेटीवर पट्टी नाही म्हणून आलास तर मी तुला आयुष्यभर चिडवीन आणि पायललाही शिकवून ठेवीन. अकोल्याच्या त्या मालकाला जर्मनीपर्यंत पाठीवर वाहून न्यायची काय गरज होती? विमानात एवढं वजन चालतं का?

आडनाव लांब आहे आणि पट्टीवर मावत नाही, अशी सबब सांगू नकोस. अक्षर बारीक करायचं.

आईचं म्हणशील, तर तिची आठवण म्हणून तुझ्याकडे नेमकं तेवढंच उरलं हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटत होतं, आपल्यात तूच तिचा लाडका, तुझ्याकडे ढीगभर असेल.

आपली,
दीक्षाताई

बाबांच्या हातचं:

चि. धम्मदीप, जयभीम. तुही ताई लई लिहिते, मी थोडं लिहितो. तुह्या आईनं तुले तसं सांगतलं ते खरं हाय. त्या दिवशी घरी आली, मले सांगतलं आन् न जेवता झोपली. तिले ते पसंत होतं म्हनून नाही सांगतलं. तुले खोली पायजे होती म्हनून सांगतलं. आता तुले खोली भेटली, कागद भेटून नाही राहिला. ती आता सांगायले येनार नाही म्हनून मी सांगतो. नाव लाव. पुरं लाव. मंग रायाचं का यायाचं ते तू पाहाय. आला तं मी भाकर टाकतो.
डोमाजी


ब्रेमेन
ता. २४ जानेवारी २०२५

ती. ताईस व ती. बाबांस,
सविनय जयभीम. खातं उघडलं. कार्ड आलं, आकडाही आला. कामावर खात्याचा नंबर दिला आणि करार पुढे चालू राहिला. बाबांना हे आधी वाचून दाखव, बाकीचं नंतर.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी मालकीणबाईकडे गेलो आणि कागदावर आडनाव लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मग हे डी काय होतं म्हणून विचारलं. वडिलांचं नाव, म्हणालो. पहिल्या पट्टीवर शेवटची अक्षरं खरंच मावली नाहीत, अक्षर बारीक करून दुसरी छापावी लागली. ताई, हस आता. पट्टी बसवून मी उगाच पेटीपाशी थांबलो, कोणाचा भाचा येतो का ते बघत. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले, चष्मा वर करून त्यांनी नाव वाचलं आणि कसं म्हणायचं ते विचारलं. तेव्हापासून रोज भेटतात आणि रोज चुकीचं म्हणतात.

परवा बँकेत बोलावलं होतं. फोनवरून व्यवहार करायचा तर ओळखीसाठी एक प्रश्न ठेवतात. तिथल्या बाईनं विचारलं, आईचं माहेरचं आडनाव काय. मी वासनिक म्हणालो. तिला लिहिता येईना, म्हणून एकेक अक्षर सांगितलं. मागे रांग होती. मी मोठ्यानं सांगितलं आणि कोण ऐकतं आहे ते वळून बघितलं नाही.

टाईप करता करता तिनं सहज विचारलं, आई भारतातच असते का. मी नाही म्हणालो. मग कुठे, असं तिनं विचारलं.

आम्हाला जर्मन भाषेच्या वर्गात एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. वृद्धाश्रमात कोणी गेलं की घरच्यांना फोन करून सांगायचं ते वाक्य, 'तुमच्या आई वारल्या.' मी ते आतापर्यंत दोन-तीनदा फोनवर म्हटलं आहे, न अडखळता. तिथं बँकेत तेच तोंडात आलं. फक्त 'तुमच्या' काढून 'माझी' घालायचं होतं. तेवढा एक शब्द मला सापडेना. ताई, रोज वापरायचा शब्द. मग सापडला आणि मी म्हणालो, माझी आई वारली.

मी रडलो. काउंटरवर, सगळ्यांसमोर, आवाज करून. तिनं पाणी आणून दिलं आणि रांगेतल्या लोकांना दुसऱ्या खिडकीवर जायला सांगितलं. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही.

मी सध्या इथेच राहतो. सुट्टी मिळाली की येईन, तेव्हा बाबांनी भाकर टाकावी. आता वाईट वाटतं, ताई. रोज वाटतं. सकाळी आजीबाईंना आंघोळ घालताना तर फार वाटतं, मधेच हात थांबतो आणि त्या विचारतात, पाणी गार झालं का. मी सांगतो, नाही आजी, कोमट आहे.

भाऊजींना नमस्कार, पायलला पापा. तुमच्या मायेत खंड पडू देऊ नका.

आपला,
धम्मदीप