अर्पणाचं बटण

ती. ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे बाकीची अंगं जमिनीपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा यातलं शिर तेवढं पावलं असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? भावजींची कंबर काय म्हणते? ते आता पाठीशी उशी न घेता जेवायला बसतात हे तुझ्या मागच्या पत्रात वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी भावजय मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे आणि माझा रक्तदाबही बराच खाली आलाय.

मुख्य बातमी तुला फोनवर कळलीच असेल. मुलाच्या आईने, म्हणजे मेट्रनबाईंनी, होकार दिला, तुझ्या भिंगरीचं लग्न ठरलं. पण तो होकार कसा आला याची जी गोष्ट तुला तुझ्या होणाऱ्या विहीणबाईंकडून ऐकायला मिळेल, ती जशीच्या तशी खरी धरू नकोस. त्यात मी फार थोर माणूस आहे. खरं काय घडलं ते सख्ख्या बहिणीला तरी ठाऊक असावं, म्हणून सविस्तर लिहितो. वाचून झालं की पत्र फाडून टाक. (मागची बाजू कोरी ठेवली आहे, ती आधी वापरून घे.)

त्या पहिल्या भेटीचा विषय मला काढायचा नाही, पण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हॉटेलात आपण सगळ्यांनी थंड पेयं घेतली, आणि उठताना रिकाम्या बाटल्या मी पिशवीत भरल्या, एवढंच ना? ताई, दुकानदार प्रत्येक बाटलीमागे, प्रत्येक डब्यामागे आपल्याकडून अनामत कापून घेतो. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की अनामत परत. आपलेच पैसे आपण आणायचे, यात चिक्कूपणा कुठे आला? माझी चूक झाली असेल तर एकच. मेट्रनबाईंच्या बाटलीत दोन घोट शिल्लक होते आणि ते मी त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारच्या कुंडीत ओतले. (मशीन ओली बाटली घेत नाही, त्याला मी काय करणार?) जन्मभर इस्पितळात चादरींचे कोपरे तपासलेली ती बाई, तिने फक्त हातरुमालाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली, आणि म्हणाली, ‘‘विचार करून कळवते.’’

त्यांचा विचार काही केल्या संपेना. मुलगा बिचारा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना ‘हे अक्षर दिसतंय का’ विचारतो आणि संध्याकाळी आईच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का बघतो. आईला दुखवून लग्न करायचं नाही असं त्याचं आणि भिंगरीचं दोघांचंही म्हणणं. मग एक दिवस भिंगरी माझ्याकडे आली. रडली असती तर मी रागावून वेळ मारून नेली असती. ती रडली नाही. माझ्या हातावर हात ठेवून एवढंच म्हणाली, ‘‘मामा, त्यांचं उत्तर येईपर्यंत बाटलीला हात लावू नकोस. माझ्यासाठी.’’ मी शब्द दिला. ताई, आम्हाला मूल नाही. तुझ्या पोरीला मी सायकल शिकवली, तिचा पडलेला दात मी शोधून दिला, आणि तिच्यात माझा किती जीव आहे हे मी तोंडाने कधी कुणाला सांगितलं नाही. पत्रात लिहायला लाज वाटत नाही म्हणून लिहितो.

आता तू म्हणशील, मग शब्द मोडलास कशाला? ताई, तू आमची बाल्कनी बघितलेली नाहीस. शब्द दिला तेव्हाच तिथे चार पोती भरलेली होती. त्यांच्यावर दुपारभर ऊन. बाटलीच्या अंगावर त्या काळ्या रेघा असतात ना, त्या वाचूनच मशीन बाटली ओळखतं, आणि उन्हाने त्या रेघा रोज थोड्या थोड्या फिक्या पडत होत्या. मी सकाळी उठून एकेक बाटली डोळ्यांजवळ धरून बघायचो. वर मुंग्या. मुंग्यांची रांग बाल्कनीतून निघून थेट तुझ्या भावजयीच्या उशीपर्यंत गेली, तेव्हा मंगळवारी ती म्हणाली, ‘‘या घरात एकतर ही पोती राहतील, नाहीतर मी.’’ मी विचार करायला थोडा वेळ मागितला. तेव्हापासून ती बोलत नाही.

तरीही शब्द म्हणजे शब्द. पण भिंगरीच्या बोलण्याचा अर्थ काय होता? मेट्रनबाईंना कळता कामा नये, हाच ना? (मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. वाक्याचा अर्थ मला कळतो.) म्हणून ठरवलं, की आपल्या कोपऱ्यावरच्या मशीनकडे जायचंच नाही, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला मोठं दुकान आहे तिथे जायचं. डोक्याला कानटोपी, डोळ्यांवर तुझ्या भावजयीचा काळा चष्मा आणि हातात लोकरी हातमोजे, कारण माझ्या उजव्या अंगठ्यावरचा तो तीळ कुणीही ओळखेल. दोन पोती घेतली आणि बसमध्ये चढलो. बस प्रत्येक खड्ड्यात आदळली की पोती खणखणायची, आणि सगळी बस वळून माझ्याकडे बघायची. माझ्या शेजारची बाई तर उठून पुढे जाऊन उभी राहिली.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक अरुंद बोळकांडी आहे, तिथे मशीन. भिंतीत एक गोल भोक, त्यात बाटली आडवी ठेवायची. आतला पट्टा ती गोल गोल फिरवतो, रेघा दिसल्या की गिळतो, आणि मग आतून चेंगरल्याचा आवाज येतो. तो आवाज मला फार आवडतो, पण त्या दिवशी प्रत्येक आवाजाला मी दचकत होतो. पहिलं पोतं सुरळीत गेलं. दुसऱ्या पोत्यात ऊन लागलेला माल होता. मशीन एकेक बाटली फिरवायचं, फिरवायचं, आणि परत माझ्या अंगावर ढकलून मोठ्याने म्हणायचं, ‘‘ही वस्तू ओळखता येत नाही.’’ मी ती बाहीने घासून पुसायचो आणि पुन्हा आत घालायचो. पुन्हा, ‘‘ही वस्तू ओळखता येत नाही.’’ (मला तरी कोण ओळखत होतं? आम्ही दोघं समदुःखी होतो.) माझ्यामागे रांग वाढत चालली. मी मान वर करत नव्हतो. एक डबा जरा चेपलेला होता, तो गुडघ्यात धरून सरळ करत होतो, तेवढ्यात मशीनवर लाल दिवा लागला. पेटी भरली. किल्ली घेऊन दुकानातल्या बाई येईपर्यंत थांबा.

तो थांबण्याचा वेळ मी कसा काढला, माझं मला माहीत. निघून जावं तर आत गेलेल्या मालाची अनामत मशीनमध्येच अडकणार. थांबावं तर मागे माणसं. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘रांग एका ओळीत असू द्या, भिंतीला लागून उभे राहा.’’ ताई, असा आवाज इस्पितळाच्या बाहेर एकाच बाईचा आहे. मी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली. डोळ्यांसमोर भिंगरी दिसायला लागली, त्या दिवशीचा तो हातावरचा हात जाणवायला लागला, आणि मनात एकच, की आता ही बाई मला बघणार, वळणार, घरी जाऊन नको म्हणून कळवणार, आणि ते पोरीला माझ्यामुळे ऐकावं लागणार. त्या दोन घोटांपायी लग्न मोडलं असतं तर निदान अपघात म्हणता आला असता. हे तर मी बसचं तिकीट काढून घडवून आणलं होतं.

दुकानातल्या बाई आल्या, पेटी बदलली, आणि जाता जाता मला म्हणाल्या, ‘‘काका, एवढी पोती घेऊन आलात, घसा सुकला असेल, पाणी देऊ का?’’ मी ‘नको’ म्हणालो. एवढा एकच शब्द, तोही घोगरा काढलेला. पण जन्मभर पांघरुणाखालून कण्हणारा रुग्ण कोणता हे जिने ओळखलं, तिला माझा आवाज ओळखायला काय? मागून पावलं आली आणि अगदी खांद्याशी थांबली. ‘‘तुम्ही भिंगरीचे मामा ना?’’

मी वळलो नाही. राहिलेला माल घाईघाईने आत ढकलला. आता शेवटचं काम राहिलं होतं. मशीनच्या पडद्यावर दोन बटणं येतात. डावीकडे हिरवं, ‘परतावा’. ते दाबलं की चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर द्यायची आणि पैसे घ्यायचे. उजवीकडे पिवळं, ‘अर्पण’. ते दाबलं की तुमची सगळी अनामत लहान मुलांच्या इस्पितळाला जाते. आजवर ते पिवळं बटण मी कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. माझं बोट निघालं, कुठे निघालं ते तुला सांगायला नको, पण बोटावर जाड लोकर, डोळ्यांवर काळी काच, खांद्याशी मेट्रनबाईंचा श्वास. बोट पडलं ते पिवळ्यावर.

पडदा भरून फुलं आली. मशीन आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं, ‘‘मुलांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.’’ (‘मनःपूर्वक’ मधला विसर्ग पडद्यावर नव्हता. पण ते बघायला मी त्या वेळी शुद्धीवर कुठे होतो?) रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी माणसाला भरून येतं, हात थरथरतात, आणि थरथरता हात कुठेही लागतो. कोपऱ्यातल्या ‘रद्द’ या बटणाला तो चारपाच वेळा लागला असेल. मग मी चष्मा काढला, मेट्रनबाईंकडे वळलो आणि हसलो. ताई, माझ्या आयुष्यात मी एवढा जड दगड कधी उचललेला नाही.

त्यांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्या हातमोज्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्या दिवशी हॉटेलातही तुम्ही यासाठीच...?’’ मी खोटं बोललो नाही. मी फक्त खाली बघितलं. लोक त्याला विनय समजतात, त्याला माझा इलाज नाही. त्यांनी तिथल्या तिथे पिशवीतून फोन काढला आणि भिंगरीला लावला. ‘‘तारीख बघायला घ्या,’’ एवढंच म्हणाल्या आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून पोरीचा नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता. माझ्या कानटोपीच्या लोकरीत काहीतरी ओलं झालं. पोत्यातलं असेल.

असं आहे सगळं. घरी आलो तेव्हा तुझ्या भावजयीने दोन पोती कमी झालेली बघितली आणि माझ्यापुढे चहा आणून ठेवला. तिच्याशी अजून बोलणं नाही, पण चहा सुरू झालाय. भावजींना नमस्कार सांग, वाकून काही उचलू नका म्हणावं. तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,

तुझा धाकटा

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण वरच्या भानगडीत राहूनच गेलं. मेट्रनबाईंनी जाहीर केलं आहे, की लग्नात जेवढ्या रिकाम्या बाटल्या आणि डबे निघतील तेवढे सगळे मामा स्वतःच्या हाताने गोळा करतील आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मुलांना अर्पण करतील. मशीनवाल्यांशी त्यांचं बोलणंसुद्धा झालं आहे. ताई, एवढा माल डोळ्यांसमोर जाताना बघायची माझी ताकद नाही. तुझ्या पाया पडतो, लग्नात बाटलीबंद काहीही ठेवू नकोस. मोठ्या पातेल्यात सरबत कर आणि पेल्यांतून दे. कारण विचारलं तर घरगुती चव चांगली लागते असं सांग.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालतच होतो, तेवढ्यात भिंगरीचा फोन आला. ताई, मेट्रनबाईंनी सगळं बघितलं होतं. बोट कुठे निघालं होतं, कुठे पडलं, आणि नंतर ‘रद्द’वर किती वेळा पडलं, सगळं. त्या भिंगरीला म्हणाल्या म्हणे, ‘‘त्या माणसाचा जीव चालला होता गं. तरी वळून हसला, तुझ्यासाठी. माझ्या मुलाला हाच मामेसासरा हवा.’’ फोन ठेवून बाल्कनीत जाऊन जरा वेळ बसलो.

ता. क. तिसरा : ज्या अर्थी त्यांना सगळं माहीतच आहे, त्या अर्थी सरबताचं राहू दे. बाटल्याच मागव. मोठ्या नकोत, लहान. नग जास्त होतात.