पाऊण इंची पाइप

अण्णा, आज सकाळीही वरच्या बाथरूममध्ये नळ सोडून उभा होतो. गरम पाणी यायला वेळ लागतो, हे आता अंगवळणी पडलंय. तळघरातला बॉयलर जुना झाला, तो बदलायचाय. काल बघायला आलेला नवा फिटर विचारत होता, हा इतका जाड पाइप कोणी टाकायला सांगितला? मी म्हणालो, माहीत नाही.

आई गेल्यावर तुम्ही इथे जर्मनीत, येनाला आलात तो दोन हजार चारचा हिवाळा. आम्ही नुकतंच हे जुनं घर घेतलेलं. मला वाटलं, तुम्ही शाल पांघरून बसून राहाल. पण साताऱ्यात चाळीस वर्षं लोकांचे नळ जोडलेला माणूस तो! दुसऱ्याच दिवशी माझं जाकीट चढवून तुम्ही तळघरात. "घरही हाच तापवणार आणि आंघोळीचं पाणीही? पठ्ठ्या आहे!" असं म्हणत तुम्ही बॉयलरवर थाप मारता. कितीतरी दिवसांनी तुम्ही हसताना दिसता.

तेव्हाचा फिटर वरच्या बाथरूमची मापं घेतोय. त्याच्या हातात अर्धा इंची पाइपचा तुकडा बघून तुम्ही त्याचा हातच धरता. "अरे, त्याला सांग, दोन मजले चढायचंय पाण्याला. पाऊण इंची टाक म्हणावं, नाहीतर धार करंगळीएवढी येईल." साताऱ्यात ते बरोबरच होतं. गच्चीवरच्या टाकीतून पाणी स्वतःच्या वजनाने उतरतं, त्याला जाड पाइपच हवा. इथे पाण्याला मुळातच जोर असतो. जाड पाइपात नुसतं जास्त पाणी गार होऊन पडून राहतं, आणि ते वाहून गेल्याशिवाय गरम येत नाही. एवढं मला तुम्हाला समजावता आलं असतं. त्याऐवजी मी फिटरला जर्मनमध्ये म्हणालो, "वडील अजून गावच्या टाकीतच आहेत." तो हसला, मीही हसलो. तुम्हाला जर्मन येत नव्हतं, पण हसणं कळलं. त्याचा हात सोडून तुम्ही म्हणालात, "बरं, त्याला कळतंय." परत जाईपर्यंत तुम्ही तळघराची पायरी उतरला नाहीत.

तुम्ही साताऱ्याला परतल्यावर पाइप बसवायचा दिवस आला आणि मी फिटरला पाऊण इंचीच टाकायला सांगितला. "गरम पाणी उशिरा येईल हं," तो म्हणाला. "गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो, "तरी तोच टाक." त्या रविवारी फोनवर तुम्ही चाचरत विचारलंत, "कुठला टाकलास रे?" मी इंजिनिअर. चूक माहीत असून केली, हे कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणालो, "त्याने सांगितला तोच." "बरं केलंस," तुम्ही म्हणालात, "आमचं आता जुनं झालं." दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. मुलाला आपली लाज वाटते, एवढंच बरोबर घेऊन गेलात.

फिटर सोमवारी येतोय. त्याला म्हटलं, बॉयलर बदल, पाइप राहू दे. मुलगी चिडली, "पापा, दास डाउअर्ट एविग!" म्हणजे या पाण्याची वाट बघण्यात जन्म जातो. तिचं खरंच आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, बॉयलरच्या फाइलीत ठेवून देईन. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो पाइप तुमच्यासाठी टाकला. तुमच्यासाठी असता तर तुम्हाला सांगितलं असतं. मला फक्त माफी न मागता सुटायचं होतं, अण्णा.