बाबांच्या फोर्डचा टप

बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया
९ मार्च १९५७

तीर्थस्वरूप ऑर्फाताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार, वि. वि.

गाडी पोचली. ट्रकवाल्याने ती दारात उतरवली तेव्हा निम्मी गल्ली बघायला जमली होती, आणि आर्लीन एकटी घरात जाऊन बसली. तिचं म्हणणं, नेब्रास्काहून अर्धा देश ओलांडून गंज आणणारा नवरा नेमका तिलाच कसा मिळाला. सीटखाली कोंबड्यांचं घरटं निघालं, आत एक अंडंही होतं. ते कधीचं, हे नाकाला लगेच कळलं.

ताई, बत्तीस सालची दोन दारांची फोर्ड म्हणजे इकडे पोरांच्या स्वप्नात येणारी गाडी. शेजारचा इसिद्रो वेल्डिंग करतो. त्याने आणि मी ती गॅरेजात ढकलून घेतली. आता मडगार्ड काढायचे, दणकट इंजिन बसवायचं, आणि टप कापून चार बोटं खाली आणायचा. तसं केल्याशिवाय इकडे कोणी तिला हॉट रॉड म्हणत नाही.

टपाचं मात्र बाबांना सांगू नकोस. मी शेत सोडून निघालो तेव्हा ते म्हणाले होते, की असली कापाकापी केलेली गाडी घेऊन माझ्या अंगणात यायचं नाही. त्याला सात वर्षं झाली. आईला पुरलं त्या दिवशीही आम्ही बापलेक खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो आणि एक शब्द बोललो नाही. आणि आता त्यांचीच गाडी माझ्या गॅरेजात आहे. ती तयार झाली की त्यांनी एकदाच माझ्या शेजारी बसावं, एवढंच मनात आहे. त्यांनी ती दिली कशी, हेच मला उमगत नाही. तू विचारलंस का? काय म्हणाले?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा
वेंडेल


लोन एल्म, नेब्रास्का
२४ मार्च १९५७

चि. वेंडेल यास,
ताईचे भरभरून आशीर्वाद.

काय म्हणाले विचारतोस, तर काही नाही. ट्रक गेला तेव्हा ते कोठाराच्या दारात उभे होते. कोंबड्यांना आता दुसरी जागा बघायला हवी, एवढंच बोलले. जेवताना मात्र विचारलं, की त्या कॅलिफोर्नियावाल्याचं पत्र आलं का. तुझं नाव अजून तोंडातून निघत नाही, पण कॅलिफोर्निया निघालं, हेही काही कमी नाही.

टपाचं मी सांगून टाकलं. रागावू नकोस. या घरात माणसं दोन. एकाच्या पोटात काही दडलं की दुसऱ्याला ते चेहऱ्यावर दिसतं. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. तर खुर्ची पुढे ओढून बसले आणि प्रश्न सुरू झाले, ते आजपर्यंत संपलेले नाहीत. मडगार्ड काढल्यावर चिखल उडेल तो कोण पुसणार, सरकार? चालू इंजिन उपटून दुसरं कशाला? आणि टप कापून मिळतं काय? गाडी पळते जास्त, की नुसता पोरकटपणा? वर मला बजावलंय, की हे त्यांनी विचारलंय असं लिहायचं नाही, मीच विचारतेय असं लिहायचं. तेव्हा राजा, मीच विचारते, मिळतं काय?

आर्लीनसाठी पीचचा मुरंबा पाठवतेय. ती देईल तेवढाच खा.

लोभ वाढव, उत्तर लांबवू नकोस.
तुझी
ऑर्फाताई


बेकर्सफील्ड
१४ एप्रिल १९५७

तीर्थस्वरूप ताईस,
पायांवर डोकं, वि. वि.

तर ‘तुझ्या’ प्रश्नांची उत्तरं घे. चिखलाचं म्हणशील तर इकडे पाऊसच पाहुण्यासारखा येतो. जुनं इंजिन चढावर दम टाकतं. आणि टप कापून खरं सांगायचं तर वेगात फारसा फरक पडत नाही. पण टप खाली आला की गाडी उभी असतानासुद्धा निघाल्यासारखी दिसते. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही. बाबांना ते पटणार नाही, तरी सांग.

आता वाईट बातमी. टप कापला. टप तोलणाऱ्या खांबांमधून चार-चार बोटांचे तुकडे काढले, टप खाली आणला, आणि जोड जुळेनात. पुढचे खांब बोटभर हुकले, मागचे त्याहून जास्त. इसिद्रो म्हणतो, हातोडीने ठोकून बसवू. मी त्याला हात लावू दिला नाही. सध्या टप आढ्याला दोरांनी टांगलाय, आणि आर्लीन त्याच दोरांवर मोजे वाळत घालते. गाडी बाबांची, कापली मी, आणि आता ती ना जुनी राहिली ना नवी झाली. हे कळलं तर ते यायचे असले तरी यायचे नाहीत. मला रोज गॅरेजचं दार उघडायची भीती वाटते गं.

तुझी आठवण काढत असतो, तूही काढ.
वेंडेल


लोन एल्म
५ मे १९५७

चि. वेंडेलला,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी टेबलावर ठेवलं आणि दूध काढायला गेले. परत येऊन बघते तर ओट्सचा नवा डबा रिकामा! ओट्स माझ्या पिठाच्या भांड्यात, आणि पुठ्ठ्याचा डबा बाबांच्या मांडीवर. माझ्या शिवणाच्या कात्रीने त्यांनी त्याला खिडक्या पाडल्या होत्या, काचेपाशी उतारही दिला होता. मी कात्रीवरून आरडाओरडा केला, पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेलेले.

तीन दिवस आमचं जेवण डब्याशेजारी झालं. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावून दाखवलं. खांब आत झुकलेले आहेत ना, म्हणून वरचा भाग खालच्यापेक्षा आखूड. तो खाली आणला की अपुरा पडणारच. तेव्हा टपच आडवा कापायचा, दोन्ही भाग आपापल्या खांबांवर नीट बसवायचे, आणि मध्ये पडेल त्या फटीत पत्र्याची पट्टी घालायची. मी म्हटलं, मग लिहा ना तुम्हीच. तर म्हणाले, की मी कोणाला लिहीत नाही, मी ओट्सच्या डब्याशी बोलतोय. डबा या पत्रासोबत पाठवतेय. तो हरवलास तर माझ्याशी गाठ आहे.

जाता जाता त्यांनी एक प्रश्न केला, की एवढ्या बुटक्या गाडीत बसणार कोण.

जीव लावतोस तसा लावत राहा.
ऑर्फाताई


बेकर्सफील्ड
९ जून १९५७

तीर्थस्वरूप ताईस,
नमस्कार, वि. वि.

डबा गॅरेजात फळीवर ठेवलाय. इसिद्रोने तो बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, की तुझे वडील गाड्या बनवतात का. मी सांगितलं, मका पिकवतात. मोडीतल्या एका गाडीच्या टपाची पट्टी मध्ये घातली, आणि सगळे जोड बसले. हात फिरवला तरी कळत नाही. मी दोन दिवस हवेत होतो.

आता पुढचं ऐक, आणि हसायचं असेल तर आधी बसून घे. मापं घेतली तेव्हा सीट नव्या कापडासाठी दुकानात गेली होती. मी गाडीत संत्र्याची रिकामी पेटी टाकून बसलो होतो, आणि त्या बैठकीवरून चार बोटं कापली तरी चालेल असं ठरवलं. काल सीट आली, नव्या जाडजूड स्प्रिंगा घालून. मी आत बसलो, दार ओढलं, आणि डोकं टपाला टेकलं. मान वाकडी केल्याशिवाय समोरचं दिसेना. इसिद्रो माझ्या खांद्याला लागतो, तो आत मजेत बसतो, म्हणून त्यालाही शंका आली नाही.

बाबा तर माझ्याहूनही उंच. ज्या माणसासाठी सगळं केलं तोच आत मावणार नाही, अशी गाडी मी बनवली. टप परत वर न्यायचा म्हणजे पुन्हा सगळी तोडफोड. सांगायचं तर सांग त्यांना. मी आता काही लपवत नाही.

तू तरी रागावू नकोस.
वेंडेल


लोन एल्म
२३ जून १९५७

चि. वेंडेल,
आशीर्वाद आहेतच.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, पुन्हा वाच. संत्र्याच्या पेटीचा मजकूर आला तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला आणि खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं, घास अडकला. हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे जाऊन मक्याची सोय लावून आले. वासरं माझ्या गळ्यात. आगगाडी कोणत्या वारी सुटते तेही विचारून आले. मग मला म्हणाले, की वेंडेल स्टेशनवर कुठली गाडी आणणार, ती की दुसरी. नाव घेतलं रे. मी मागे न वळता भांडी विसळत राहिले, नाहीतर त्यांनी ते परत गिळलं असतं.

बुधवारी निघतायत. स्प्रिंगा काढून ठेव. आणि झालं ते सगळं मला लिही, चांगलं असो की वाईट.

ऑर्फाताई


बेकर्सफील्ड
७ जुलै १९५७

तीर्थस्वरूप ताईस,
आम्हा सगळ्यांचे नमस्कार, वि. वि.

स्टेशनवर तीच गाडी नेली. स्प्रिंगा काढून फळीवर घोंगडी अंथरली होती. बाबांनी गाडीला दोन चकरा मारल्या. मी ठीक आहे का, आर्लीन कशी आहे, काही नाही. दार उघडून आत शिरायला लागले, तर चर्चला घालतात ती काळी हॅट टपाला अडली. दुसऱ्यांदाही अडली. तुला माहीत आहे, डॉक्टरसमोरसुद्धा ते ती काढत नाहीत. मला वाटलं, संपलं, आता चालत जाणार.

त्यांनी हॅट काढली आणि आर्लीनच्या हातात दिली. आर्लीन इसिद्रोच्या गाडीतून मागून आली. ताई, त्यांचं डोकं पार पांढरं झालंय, मला कल्पनाच नव्हती. गुडघे छातीशी, मान वाकलेली, अशा अवस्थेत बसले आणि म्हणाले, चल.

कालव्याच्या रस्त्यापर्यंत एक प्रश्न नाही. ज्या माणसाने तीन महिने प्रश्न विचारून तुझं डोकं खाल्लं, तो गप्प. मग त्यांनी हात वर केला आणि टपाच्या आतल्या जोडावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. म्हणाले, की जोड बरा बसलाय. थोड्या वेळाने म्हणाले, की तुझी आई मात्र यात छान मावली असती, हॅट घालूनसुद्धा.

मला समोरचं दिसेना म्हणून गाडी कडेला घेतली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, की इथे कशाला थांबलास, पुढे घे.

वासरांना अजून काही दिवस तूच बघ, असा त्यांचा निरोप आहे. इथली माया तुझ्यापर्यंत पोचावी.
वेंडेल